फेनवे पार्कला जाण्याआधी: खांब, ऊन आणि परतीची गाडी

बोस्टनचे फेनवे पार्क हे बेसबॉलचे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले. टायटॅनिक बुडाल्याला तेव्हा पाचच दिवस झाले होते. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, आज वापरात असलेल्या मैदानांत हे सर्वांत जुने. शिकागोचे रिग्ली फील्ड दोन वर्षांनी धाकटे. रेड सॉक्स हा इथला संघ. आजूबाजूचे रस्ते आधीपासून होते, मैदान त्यांच्यामध्ये बसवले गेले. त्यामुळे त्याचा आकार वेडावाकडा आहे: डावीकडची भिंत जवळ आणि प्रचंड उंच, उजवा कोपरा अगदी तोकडा, मधला कोपरा लांब पळालेला. याच वेडेवाकडेपणासाठी लोक जगभरातून येतात, आणि नवख्याची फजितीही यामुळेच होते. छताचे खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभे आहेत, काही खुर्च्यांची तोंडे भलतीकडेच आहेत, आणि गाडी उभी करायला जागा नाही, कारण मैदान बांधले तेव्हा गाडीने येणारे लोक फार थोडे होते.

म्हणून नव्या स्टेडियमला जाताना चालणारा हिशेब, म्हणजे मिळेल ते तिकीट काढायचे आणि निघायचे, इथे चालत नाही. आधी दिवस, मग खुर्ची, मग प्रवास, असे एकेक ठरवत जावे.

दिवस कसा निवडावा

मोसम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतो आणि साखळी सामने सप्टेंबरच्या शेवटी संपतात. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. संघ सलग काही दिवस घरी असतो, मग तितकेच दिवस दौऱ्यावर. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी वेळापत्रक उघडा. तुमचा बोस्टनमधला अख्खा आठवडा संघाच्या दौऱ्याचा निघू शकतो.

एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला, सोमवार ते गुरुवार संध्याकाळचे सामने बहुधा सर्वांत स्वस्त पडतात. त्याचे कारण थंडी. एप्रिलच्या रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो, वरून वारा असतो, आणि तीन तास एका जागी बसायचे असते. महाबळेश्वरला नेतो तो स्वेटर इथे पुरत नाही. आत गरम बनियन, वर वारा अडवणारे जाकीट आणि कानटोपी हवी. जून ते ऑगस्ट हवा छान, पण शाळांना सुट्ट्या, त्यामुळे गर्दी आणि दर दोन्ही चढे. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा आमच्या मते उत्तम काळ: हवा सुखद, शाळा सुरू झालेल्या, आणि संघ स्पर्धेत टिकून असेल तर मैदानात खरी धग.

न्यूयॉर्क यांकीज आले की दर उडतात. हे वैर जुने आहे. बेब रूथ या थोर खेळाडूला बोस्टनने न्यूयॉर्कला विकल्याची बातमी जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाली, आणि १९१८ नंतर बोस्टनला पुढचे विजेतेपद मिळायला २००४ उजाडले. पहिल्या भेटीला यांकीजचा सामना घेऊ नका. दाम दुप्पट आणि खेळ तोच. नवख्याला मैदान निवांत पाहायचे असते, ते त्या गर्दीत साधत नाही.

एप्रिलचा तिसरा सोमवार म्हणजे पेट्रियट्स डे. त्या दिवशी सामना सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि त्याच दिवशी बोस्टन मॅरेथॉन जवळच्या केनमोर चौकातून जाते. दोन्ही एकदम अनुभवायचे असेल तर जरूर जा. मात्र मेट्रोचे कोपली स्थानक दिवसभर बंद असते, रस्ते अडवलेले असतात, आणि हॉटेलचे दर विचारूच नका.

आता पावसाचा भाग, जो बाहेरगावाहून येणाऱ्याला सर्वांत महाग पडतो. पाऊस लागला तर सामना थांबतो, मैदानावर ताडपत्री पसरतात आणि लोक थांबून राहतात. नऊपैकी पाच इनिंग पूर्ण झाल्या असतील, किंवा यजमान संघ पुढे असताना साडेचार, तर सामना अधिकृत धरला जातो. त्यानंतर पावसाने खेळ थांबला तर निकाल तोच, आणि पैसे परत नाहीत. त्याआधीच रद्द झाला तर तुमचे तिकीट नंतरच्या बदली तारखेला चालते. ती तारीख उद्या असू शकते, दोन महिन्यांनीही असू शकते. तुमचे विमान परवा असेल तर ते तिकीट तुमच्या काही कामाचे नाही. यावर उपाय एकच: संघ सहसा एका पाहुण्या संघाशी ओळीने तीन सामने खेळतो, त्यातला पहिला निवडा. तो वाहून गेला तर बदली सामना पुढच्याच एक-दोन दिवसांत होण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. सहलीच्या शेवटच्या संध्याकाळी सामना ठेवणे हा जुगार आहे.

खुर्ची: इथे घाई करू नका

तिकीट काढताना नकाशावर जी नावे दिसतील त्यांचा अर्थ असा. मैदानाला लागून फील्ड बॉक्स, त्यामागे लोज बॉक्स, त्यामागे छताखाली ग्रँडस्टँड, आणि समोरच्या बाजूला, म्हणजे बॅटरच्या पुढे लांबवर, उघडे ब्लीचर्स. डावीकडच्या हिरव्या भिंतीच्या माथ्यावर मॉन्स्टर सीट्स. उजवीकडे छतावरचा रूफ डेक.

ग्रँडस्टँडचे विभाग १ ते ३३ आहेत. १ उजव्या कोपऱ्यात, २० च्या आसपास होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, आणि ३३ डाव्या भिंतीपाशी. इथल्या निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ च्या डागडुजीच्या काळातल्या समजल्या जातात. तेव्हाची माणसे किरकोळ असावीत, कारण खुर्ची अरुंद आहे आणि गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून प्रवास केलेल्याला त्याचे विशेष काही वाटणार नाही. उंच माणसाने मात्र कडेची खुर्ची घ्यावी.

खांबांची गोष्ट अशी. ग्रँडस्टँडचे छत पोलादी खांबांवर तोललेले आहे आणि ते खांब प्रेक्षकांच्या रांगांतच उभे आहेत. काही खुर्च्यांवरून पिचर (चेंडू टाकणारा) दिसत नाही, काहींवरून होम प्लेट, काहींवरून एखादाच बेस, म्हणजे धावपटूने गाठायचे ठाणे. अशा तिकिटावर ‘दृश्यात अडथळा’ अशा अर्थाची सूचना असते, पण ती लहान अक्षरांत असते आणि फोनवर नजरेतून सुटते. त्यापुढेही एक अडचण आहे: खांब अगदी समोर नसून थोडा तिरका असेल तर सूचना असतेच असे नाही. तेव्हा खरेदीआधी तीन गोष्टी करा. सूचना शोधा. विभाग, रांग आणि खुर्ची क्रमांक टाकून तिथून प्रेक्षकांनी काढलेले फोटो पाहा. असे फोटो गोळा करणारी संकेतस्थळे आहेत आणि फेनवेबद्दल तिथे भरपूर सामग्री आहे. आणि खुर्ची क्रमांक न सांगता फक्त विभाग सांगणारे फेरविक्रीचे तिकीट इथे घेऊ नका, कारण एकाच रांगेत चार खुर्च्या सरकले की दृश्य बदलते.

छताची दुसरी बाजूही आहे. ग्रँडस्टँडच्या अगदी मागच्या रांगांतून उंच उडालेला चेंडू छताच्या कडेआड जातो. तो कुठे पडला हे क्षेत्ररक्षकाच्या धावण्यावरून ओळखावे लागते. पण पाऊस आला की त्याच मागच्या रांगा कोरड्या राहतात आणि पुढचे महागडे फील्ड बॉक्सवाले भिजतात. एप्रिल-मेच्या सामन्याला, हवामानाचा भरवसा नसेल, तर ग्रँडस्टँडच्या मधल्या रांगा हा शहाणा सौदा आहे.

उजव्या बाजूचे विभाग १ ते ८ आणि त्यापुढचे राइट फील्ड बॉक्स यांबद्दल विशेष सावध राहा. या खुर्च्यांचे तोंड होम प्लेटकडे नाही, मैदानाच्या मध्याकडे आहे. पिचर आणि बॅटर पाहायला मान सतत डावीकडे वळवावी लागते. नकाशावर जागा मैदानाला चिकटून दिसते, दरही बरा असतो, आणि नवखा फसतो. तीन तासांनी मान आखडते.

ऊन हाही हिशेबाचा भाग. बॅटरची नजर ईशान्येकडे जाईल अशी मैदानाची मांडणी आहे. थर्ड बेसच्या बाजूला, म्हणजे होम प्लेटमागून पाहताना डावीकडे, दुपारनंतर सूर्य पाठीमागे जातो आणि सावली लवकर येते. उजवीकडच्या आणि ब्लीचर्सच्या लोकांना तो डोळ्यांवर घ्यावा लागतो. रविवारचे सामने बहुधा दुपारी दीडच्या सुमारास असतात; जुलैमध्ये त्या वेळी ब्लीचर्सवर बसायचे तर टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन लागतेच. तिथे छत नाही.

ब्लीचर्समधला विभाग ३५ दुपारच्या सामन्यांना काळ्या कापडाने झाकलेला दिसेल. तो बॅटरच्या नजरेसमोर येतो, आणि तिथे पांढरे शर्ट घालून माणसे बसली तर पांढरा चेंडू त्या पार्श्वभूमीत हरवतो. त्यामुळेच इथली क्षमता रात्री ३७,७५५ आणि दिवसा ३७,३०५ अशी वेगवेगळी सांगितली जाते.

मग घ्यावे काय? पहिल्या भेटीसाठी आमची शिफारस ग्रँडस्टँड किंवा लोज बॉक्स, विभाग ग्रँडस्टँडच्या मोजणीने ११ ते १७ दरम्यानचा, म्हणजे फर्स्ट बेसची बाजू. तिथून समोर ती हिरवी भिंत अख्खी दिसते. भिंतीजवळच्या ३२-३३ मध्ये बसलात तर भिंत जवळ येते, पण तिची उंची कळत नाही. लोज बॉक्सच्या अगदी पुढच्या रांगा टाळा. समोर येण्या-जाण्याची वाट आहे आणि सामनाभर कुणी ना कुणी बिअरचे ग्लास घेऊन डोळ्यांपुढून जात असते. मॉन्स्टर सीट्स २००३ मध्ये बांधल्या, बारसारख्या उंच खुर्च्या आहेत आणि दर फार. फोटोला छान, खेळ समजून घ्यायला सर्वोत्तम नाहीत.

आईवडील भारतातून आले असतील आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर मॉन्स्टर सीट्स आणि रूफ डेक नकोच. ग्रँडस्टँडच्या खालच्या रांगेत, कडेला, स्वच्छतागृहाच्या वाटेजवळची जागा पाहा. चाकाची खुर्ची असेल तर वेगळ्या राखीव जागा आहेत. त्या संघाच्या तिकीट विभागाकडूनच घ्याव्यात.

तिकीट आणि फोन

दर मागणीनुसार बदलतात, विमानासारखे. संघाचे अधिकृत संकेतस्थळ आणि फेरविक्रीची मोठी संकेतस्थळे यांची तुलना करा, पण फी धरून होणारी अंतिम रक्कम पाहून. साध्या सामन्याचे फेरविक्रीतले दर सामन्याच्या दिवशी दुपारनंतर बऱ्याचदा उतरतात. बोस्टनमध्येच राहणाऱ्याला हे परवडते, चार जण एकत्र बसायचे असतील त्यांना नाही. विद्यार्थ्यांसाठी संघ स्वस्त तिकिटांची योजना ठेवत आला आहे. नॉर्थईस्टर्न विद्यापीठ इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे पुण्या-मुंबईची मुले कमी नाहीत. त्यांनी नाव नोंदवून ठेवावे. ही तिकिटे बहुधा उभ्याने पाहण्याची असतात, पण तीन तास उभे राहायला विशीतले पाय पुरतात.

रस्त्यावर उभे राहून तिकीट विकणाऱ्याकडून घेऊ नका. तिकिटे आता फोनवरच असतात, एमएलबी बॉलपार्क नावाच्या ॲपमध्ये. कुणी फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवला तर पैसे देऊ नका. तिकीट ॲपमधून तुमच्या खात्यावर हस्तांतरित झाले तरच ते तुमचे.

घरातून निघण्याआधी तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. प्रवेशद्वाराशी हजारो लोक एकाच वेळी फोन उघडतात आणि नेटवर्क रांगते. भारतातून आलेल्यांचे रोमिंग तर तिथे हमखास मान टाकते. फोन पूर्ण चार्ज असावा, कारण तो बंद पडला तर तिकीटही बंद. एकाच फोनवर चौघांची तिकिटे असतील तर चौघांनी एकत्रच आत जायचे. एक जण मागून येणार असेल तर त्याचे तिकीट त्याला आधी पाठवून ठेवा.

मैदानात रोख पैसे चालत नाहीत, कार्ड किंवा फोननेच पैसे द्यायचे. भारतीय कार्ड असेल तर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय दोन्ही बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करा.

पोहोचायचे कसे

गाडी आणू नका. सामन्याच्या दिवशी आसपासचे पार्किंग कधीकधी तिकिटापेक्षा महाग पडते आणि सामना संपल्यावर तिथून बाहेर पडायला तासभर लागतो.

शहरातून मेट्रोची ग्रीन लाइन घ्या. तिच्या चार शाखा आहेत: बी, सी, डी आणि ई. पहिल्या तिन्ही केनमोर स्थानकावर थांबतात. ई शाखा कोपलीनंतर वेगळी वळते, तिच्यात बसलात तर भलतीकडे जाल; नवख्याची हीच चूक सर्वांत जास्त होते. डी शाखेवर पुढे फेनवे नावाचे स्थानकही आहे. नाव तेच असले तरी मैदानाला केनमोर अधिक जवळ. केनमोरहून वर आलात की ब्रुकलाइन ॲव्हेन्यूवरचा महामार्गाचा पूल ओलांडायचा, पाच-सात मिनिटे. रस्ता विचारायची गरज पडत नाही, संघाच्या टोप्या घातलेल्यांमागून चालत राहा. एकमार्गी भाडे २ डॉलर ४० सेंट. फाटकावर बँकेचे कार्ड टॅप करता येते. अकरा वर्षांपर्यंतची मुले मोठ्यांसोबत फुकट.

लोगन विमानतळावरून थेट यायचे तर सिल्व्हर लाइनची एसएल-१ बस विमानतळावर फुकट मिळते. ती साउथ स्टेशनला सोडते. तिथून रेड लाइनने पार्क स्ट्रीट, तिथे ग्रीन लाइन बदला. सामान मात्र हॉटेलवर टाकूनच या. पाठीवरची सॅक घेऊन थेट मैदानावर येणे ही दुसरी मोठी चूक. पिशवीच्या आकाराचे नियम कडक आहेत आणि मोसमागणिक बदलतात, म्हणून सामन्याच्या आठवड्यात संघाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. खिशात मावेल तेवढेच न्यावे हे उत्तम.

न्यूयॉर्कहून रेल्वेने येणाऱ्यांनी बॅक बे स्थानकावर उतरावे. तिथून पाच मिनिटे चालत गेले की कोपलीला ग्रीन लाइन मिळते.

बोस्टनच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मराठी घरे बरीच आहेत, त्यांच्यासाठी सर्वांत सोपा मार्ग फ्रेमिंगहॅम-वूस्टर कम्युटर रेल, म्हणजे उपनगरी रेल्वे. या मार्गावरचे लान्सडाउन स्थानक मैदानाला लागूनच आहे. २०१९ पर्यंत त्याचे नाव यॉकी होते. नाटिक, फ्रेमिंगहॅम, ॲशलंड, वेस्टबरोहून थेट गाडी. श्रूजबरीला स्वतःचे स्थानक नाही, तिथल्यांनी ग्राफ्टन किंवा वेस्टबरोला गाडी लावावी. सर्व गाड्या सर्व स्थानकांवर थांबत नाहीत आणि रात्री दोन गाड्यांमधले अंतर मोठे असते, म्हणून परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा. हमरस्ता ९५ वरून येणाऱ्यांना न्यूटनचे रिव्हरसाइड हे डी शाखेचे शेवटचे स्थानक सोयीचे. तिथे मोठे वाहनतळ आहे. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी ग्रीन लाइनचा एखादा टप्पा बंद ठेवून बस चालवतात. हे आदल्या दिवशी एमबीटीएच्या (बोस्टनच्या वाहतूक संस्थेच्या) सूचनांत पाहायचे. आपल्याकडे रविवारचा मेगाब्लॉक बघून निघतो ना, तसेच.

आत गेल्यावर

दारे साधारण दीड तास आधी उघडतात. त्या वेळेला पोहोचा. जर्सी स्ट्रीट हा मैदानालगतचा रस्ता सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद होतो आणि तिकीटधारकांसाठी मैदानाचाच भाग बनतो: खाद्यपदार्थांच्या गाड्या, वाद्ये, गर्दी. एकदा हद्दीबाहेर गेलात तर परत आत घेत नाहीत, हे मुलांना आधीच सांगा.

आत जाण्याआधी गेट बीच्या बाहेरचे पुतळे पाहा: संघाचा जुना दिग्गज टेड विल्यम्स याचा एक, आणि विल्यम्स, डोर, पेस्की, डिमॅजिओ या चार सहकाऱ्यांचा एकत्र. आत शिरल्यावर पाहुण्या संघाचा सराव चालू असेल. मैदान रिकामे असताना एक फेरी मारा, कारण सामना सुरू झाल्यावर दुसऱ्यांच्या विभागांत फिरू देत नाहीत.

काय पाहायचे? डावीकडची हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर: उंची ३७ फूट २ इंच, होम प्लेटपासून अंतर ३१० फूट. इतके कमी अंतर का, तर भिंतीमागेच लान्सडाउन स्ट्रीट आहे, मागे सरकायला जागाच नव्हती. हिरवा रंग १९४७ मधला, त्याआधी तिच्यावर जाहिराती होत्या. पायथ्याशी हाताने चालवला जाणारा गुणफलक आहे. आकड्यांच्या पाट्या माणसे बदलतात, भिंतीच्या आत बसून. फलकावरच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्यांत ठिपके आणि रेघा दिसतील: ती मोर्स लिपीत टॉम आणि जीन यॉकी या जुन्या मालक दांपत्याची आद्याक्षरे आहेत. भिंतीवर एक शिडी लटकते. वर खुर्च्या येण्याआधी तिथे जाळे होते आणि त्यातले चेंडू काढायला ती लागे.

उजव्या कोपऱ्यातला पिवळा खांब म्हणजे पेस्कीज पोल, अंतर अवघे ३०२ फूट. मध्यभागी एक त्रिकोणी कोपरा ४२० फुटांपर्यंत आत गेलेला. आणि उजव्या ब्लीचर्समध्ये हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची: विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटांचा होम रन (आपल्या षटकारासारखा थेट बाहेर गेलेला फटका) तिथे पोहोचला. त्या खुर्चीपर्यंत चढून जा आणि मागे वळून होम प्लेट पाहा, आकडा तेव्हा डोळ्यांत भरतो.

खाण्याचे थोडक्यात. फेनवे फ्रँक हा इथला प्रसिद्ध हॉटडॉग बीफचा असतो, हे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. क्लॅम चावडर पांढरे, बटाट्याचे सूप दिसते, पण त्यात शिंपले असतात आणि बऱ्याचदा बेकनही. बाहेर लान्सडाउन स्ट्रीटवर कांदा-मिरचीचा जो घमघमाट येतो तो सॉसेजचा. शाकाहारींसाठी चीज पिझ्झा, फ्राइज, प्रेट्झेल, पॉपकॉर्न आणि सालीचे भाजके शेंगदाणे. शेंगदाण्यांची टरफले पायाशी टाकायची, तीच तिथली रीत आहे. बिअर घ्यायची तर वय २१ पूर्ण हवे आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. भारतीय वाहन परवान्यावर भिस्त ठेवू नका. केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागतात, रागावू नये. शेवटच्या टप्प्यात दारूविक्री बंद होते.

क्रिकेट पाहणाऱ्याला लागणारे इतकेच

नऊ इनिंग. प्रत्येकीत पाहुणे आधी फलंदाजी करतात, यजमान नंतर, आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. पिचर फुलटॉसच टाकतो. तीन स्ट्राइक (चुकलेले फटके किंवा मारता येण्याजोगे असून सोडलेले चेंडू) म्हणजे बाद, चार वाईट चेंडू म्हणजे बॅटरला पहिला बेस फुकट. रेषेबाहेर गेलेला फटका म्हणजे फाउल. तो स्ट्राइक मोजतात, पण नेहमीच्या फटक्यात तिसरी स्ट्राइक म्हणून धरत नाहीत. म्हणून चिवट बॅटर फाउलवर फाउल मारत टिकून राहतो. गुणफलकावरचे हिरवे दिवे वाईट चेंडूंचे, लाल दिवे स्ट्राइक आणि बाद गड्यांचे. हे दिवे वाचता आले की खेळ उलगडू लागतो.

दुसऱ्या मैदानात सहज पकडला गेला असता असा उंच चेंडू इथे हिरव्या भिंतीवर आदळतो आणि बॅटर दोन बेस गाठतो. उलट, दुसरीकडे सरळ बाहेर गेला असता असा खालून जाणारा जोरदार फटका भिंत अडवते. डावीकडे चेंडू उडाला की लोक क्षेत्ररक्षकाकडे पाहतात: तो भिंतीकडे पाठ करून थांबला तर झेल, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तर चेंडू उसळी घेऊन येणार.

२०२३ पासून पिचरला घड्याळ लावले आहे: बेस रिकामे असताना १५ सेकंद, धावपटू असताना आता १८. त्यामुळे सामना साधारण अडीच ते पावणेतीन तासांत आटपतो. बरोबरी नसते, नऊनंतरही गुण समान असतील तर खेळ पुढे चालतो आणि दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा केला जातो. यजमान पुढे असतील तर नवव्याचा उत्तरार्ध खेळवतच नाहीत.

प्रेक्षकांत आलेला चेंडू तुमचा. परत करायचा नसतो. पण मैदानाच्या हद्दीत हात घालून चालू खेळातला चेंडू पकडलात तर बाहेर काढतात. आणि पुढे संरक्षक जाळी नसलेल्या खुर्च्यांवर बसलात तर चेंडू टाकला जात असताना फोनमध्ये डोके घालू नका. सीझन बॉलसारखाच टणक चेंडू गोळीसारखा येतो. लहान मूल असेल तर जाळीमागचीच जागा घ्या.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उठून आळोखेपिळोखे देतात. आठव्याच्या मध्यात नील डायमंडचे ‘स्वीट कॅरोलाइन’ लागते आणि अख्खे मैदान गाते. २००२ पासून ते प्रत्येक सामन्यात वाजते.

सामना नसेल तेव्हा

मे महिन्यात पदवीदान समारंभाला आलेल्या आईवडिलांच्या तारखांत एकही घरचा सामना नसतो, असे बऱ्याचदा होते. तेव्हा मैदानाची मार्गदर्शित सहल घ्या. सुमारे तासाभराची, वर्षभर चालते, हिवाळ्यातही. मॉन्स्टर सीट्सवर बहुधा नेतात, म्हणजे ज्या खुर्चीचे तिकीट परवडत नाही तिच्यावर बसून फोटो होतो. सामन्याच्या दिवशी शेवटची सहल सामन्याच्या काही तास आधीच संपते, म्हणून त्या दिवशी सकाळचीच वेळ धरा.

परतताना

सामना संपला की तीसेक हजार माणसे एकाच वेळी केनमोरच्या जिन्याकडे वळतात. दोन मार्ग आहेत. एक, जागेवरच पंधरा-वीस मिनिटे बसून राहा. कर्मचारी घाई करत नाहीत तोवर रिकामे होत जाणारे मैदान पाहण्यासारखे असते. दुसरा, केनमोर सोडून शहराच्या दिशेने पंधरा मिनिटे चालत हाइन्स कन्व्हेन्शन सेंटर स्थानक गाठा. पण तिथे येणाऱ्या गाड्या केनमोरलाच भरून आलेल्या असतात, हे लक्षात घेऊन पाय चालत असतील तर आणखी दहा मिनिटे पुढे कोपलीपर्यंत जा; तिथे ई शाखेच्या गाड्याही मिळतात, आणि त्या केनमोरची गर्दी घेऊन आलेल्या नसतात. रिव्हरसाइडला जाणाऱ्यांनी उलट दिशेच्या फेनवे स्थानकावर चालत जाऊन डी पकडावी. लान्सडाउनहून कम्युटर रेल घेणाऱ्यांनी मात्र रेंगाळू नये. सामना अकराव्या-बाराव्या इनिंगमध्ये गेला आणि शेवटची गाडी समोर दिसत असेल, तर गुण बरोबरीत असले तरी उठा. वूस्टरपर्यंतची टॅक्सी त्या सामन्याच्या तिकिटापेक्षा महाग पडते.